फोटो नामंजूर

४ मार्च, बुधवार
बसलो एकदाचा त्या व्हिसाच्या फॉर्मपुढे. नात तीस तारखेला तीन वर्षांची होणार आणि मी तिला अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. यंदा जायचं म्हणजे जायचंच! लेक फोनवर म्हणाली, "बाबा, सगळं ऑनलाइन असतं, दहा मिनिटांचं काम." दहा मिनिटं! पहिल्याच पानावर माझ्या आईची जन्मतारीख विचारली. आईला स्वतःलाच माहीत नव्हती, मी कुठून आणू? 'माहीत नाही' असं लिहू देत नाहीत. पुढचा प्रश्न — आपण कधी युद्धगुन्हे केले आहेत का? नाही हो, मी फोटोग्राफर आहे. मग कुठं बोट लागलं देव जाणे, पान कोरं. पुन्हा श्रीगणेशा.

५ मार्च, गुरुवार
नऊ चौकोन. ज्यात सिग्नल दिसतो ते निवडा म्हणे. इतके भिकार फोटो माझ्या स्टुडिओतून बाहेर पडले असते तर मी दुकान बंद केलं असतं! आणि सिग्नलचा खांब धरायचा की सोडायचा? तीनदा नापास झालो. मी माणूस आहे हे चौथ्या खेपेला मान्य झालं.
'यजमानाचा ईमेल' अशी एक जागा होती. लेकीचा टाकला. का हवा असतो कोण जाणे.

७ मार्च, शनिवार
फोटो नामंजूर!
माझा! चौतीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतोय. अर्धं गाव माझ्या फोटोवर परदेशी जाऊन आलं. कारण काय, तर 'नियमांत बसत नाही'. कोणत्या नियमात? पट्टी घेऊन मोजला — पस्तीस बाय पंचेचाळीस. मागं पांढरं. दोन्ही कान दिसतायत. तोच पुन्हा पाठवला.

८ मार्च, रविवार
पुन्हा नामंजूर. डोकं चालेनासं झालंय.

९ मार्च, सोमवार
इथं तरी खरं लिहावं. सात महिन्यांपूर्वी मला झटका येऊन गेला. हातपाय वाचले, पण तोंड डाव्या बाजूला खाली ओढलं गेलं ते तसंच राहिलं. डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिलीय. लेकीला मात्र यातलं काहीच सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणणार, येऊ नका. ती व्हिडिओ कॉल करते तेव्हा मी 'नेट नाही गं' म्हणतो. दर महिन्याला माझा फोटो पाठवतो — संगणकावर तोंड सरळ करून. माउसचे दोन हिसके, काम फत्ते. तिथं पोचलो की समोर बसून सांगीन. समोर धडधाकट बसलेला बाप बघून ती एवढी घाबरणार नाही. मनात तरी असंच आहे.
फॉर्मच्या फोटोतही तोंड सरळच केलं. लपवायला नव्हे, हात सवयीनं गेला. आणि पासपोर्टवर माझं तोंड सरळच आहे की! दोन्ही फोटो जुळायला नकोत?

१० मार्च, मंगळवार
शेजारच्या औषधांच्या दुकानातली बाई माझ्या गोळ्या घेऊन आली. तिला स्क्रीन दाखवली.
"काका, हे कोण?"
"कोण म्हणजे? मी."
"हे तुम्ही नाही. त्यांना आजचे तुम्ही हवेत." मग तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं — फेरफार केलेलं छायाचित्र चालणार नाही. तिसरीच ओळ! चौतीस वर्षं घासली आणि तिसरी ओळ वाचली नाही. लाज वाटली.
टायमर लावून स्वतःचा फोटो काढला. दोनदा हात माउसकडे गेला, दोनदा मागं घेतला. या तोंडाकडे इतका वेळ मी कधी पाहिलंच नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पाठवला. मिनिटभरात मंजूर! रागच आला.

११ मार्च, बुधवार
मेल आला. 'अर्ज दाखल झाला आहे. छायाचित्रासह संपूर्ण प्रत आपल्या यजमानांना पाठवण्यात आली आहे.'
छायाचित्रासह!!
मदतीच्या नंबरवर अर्धा तास बाजा ऐकला. मग लाइनवर एक बाई आली. "पाठवलेली प्रत मागं घेता येत नाही, सर. आणखी काही मदत करू?" आणखी काय करणार, माझं कपाळ!

१२ मार्च, गुरुवार
लेकीचा फोन नाही. मेल बघितला नसेल. की बघितला? एरवी दिवसाआड तरी करते. मी करावा का? केला तर काय बोलू — तो फोटो माझा नाही म्हणून सांगू?

१३ मार्च, शुक्रवार
धीर करून लावला. जावयांनी उचलला. "बाबा, आत्ता ती बोलायच्या मनःस्थितीत नाही." बस, एवढंच. म्हणजे बघितला. सात महिने फसवलं तिला, आता कुठल्या तोंडानं तिच्या दारात उभा राहू? व्हिसा मिळाला तरी जावं की नाही कळेना. जेवण गेलं नाही.

१४ मार्च, शनिवार
व्हिसा मंजूर झाल्याचा मेल सकाळीच आला होता. पाहिला मी संध्याकाळी, कारण सकाळी दुकानाचं शटर उघडायला गेलो तर पायरीवर लेक बसलेली, शेजारी बॅग, मांडीवर नात. लेकीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रडायलाच लागली. नातीला वाटलं, आजोबा वाकुल्या दाखवतायत. तिनंही ओठ एका बाजूला ओढले आणि मला तस्संच करून दाखवलं.