प्रोब कोणाच्या हातात

१ जुलै
माझ्या शिक्षणाचं बाबांचं ठरलं. खामगाव. एका वर्षाचा सोनोग्राफी टेक्निशियन कोर्स, रोज जाऊन-येऊन. माझंही ठरल्यासारखंच, नावात सोनोग्राफी आहे म्हणून. संभाजीनगरच्या बी.एस्सी.लाही नंबर लागलाय, पण नावात नुसतं इमेजिंग, वर तीन वर्षं होस्टेल. आईला वर्षभर पित्ताच्या गोळ्या चारल्या सगळ्यांनी. शेवटी चिखलीच्या डॉ. मॅडमनी पोटावर मशीनचा तो हातात धरायचा प्रोब फिरवला आणि पडद्यावर खडा दाखवला. मी शेजारीच उभी होते. तेव्हापासून डोक्यात हेच. तरी चैन नाही.

३ जुलै
शेगावहून आत्या आली. मुलींच्या शिक्षणाचं नाव काढलं की हिचं डोकं दुखायचं. आज बाबांना म्हणते, "शिकू दे भाऊ पोरीले. घरचं माणूस मशीनवर असलं म्हणजे बरं असते." आणि वहिनीच्या पोटाकडे बघितलं. वहिनीला तिसरा महिना. पहिली मुलगी, चिऊ.
मग मला बाजूला घेऊन, "तुह्या क्लासवाल्याले विचारून ठेव, पोरगा हाये का पोरगी. नाही जमलं तर मह्या वळखीचा एक आहे, पण तो लांब पडते."
मी हसले. का हसले? स्वतःचाच संताप येतोय.

५ जुलै
बाबांसोबत खामगाव. किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या. मशीन कुठे विचारलं तर सर म्हणाले, प्रॅक्टिकल दवाखान्यात, लवकरच प्रोब तुमच्या हातात. बाबा खूश. माझ्या डोक्यात आत्याचं बोलणं.

७ जुलै
वहिनीची तपासणी, चिखली. डॉ. मॅडमना विचारूनच टाकलं.
"कोणताही कोर्स कर, सोनोग्राफी आपल्याकडे डॉक्टरांनीच करायची. कायदाच आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआय मात्र टेक्नॉलॉजिस्ट चालवतात. ते शिकायचं तर पदवी घे."
गर्भलिंग तपासणी होत नाही, ती पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. इतक्यांदा वाचली, पण माझ्या कोर्सचा त्या कायद्याशी संबंध असेल हे सुचलं नाही. गाढव आहे मी. म्हणजे खामगाव फुकट.
बसमध्ये वहिनीला म्हटलं, आजच सांगते घरी. तिने चिऊला मांडीवर ओढलं. "सांगू नको. तू पाहशील म्हणून थांबल्या हायेत आत्याबाई. नाही तर मले त्या वळखीच्याकडे नेतीन."
सुधीरदादा काय म्हणतो?
"ते काई म्हणत नाहीत."
सख्खा भाऊ माझा. लाज वाटली.

८ जुलै
खामगाव घेतलं तर आज सांगते, उद्या सांगते करत वेळ काढता येईल, महिने वर जातील, वहिनी सुटेल. माझं वर्ष जाईल, आणि पुन्हा कोण पाठवतंय शिकायला? संभाजीनगर घेतलं तर... तिथली प्रवेशाची शेवटची तारीख १०. दिवसभर अंगणात येरझाऱ्या. आई म्हणाली, "काऊन भिरभिर करून राह्यली वं?"

९ जुलै
बाबांना मळ्यात गाठून सगळं सांगितलं, आत्याचंही. ते वांगी तोडत होते, तोडतच राहिले.
"तुले जिकडं जायचं तिकडं जाय."
आणि वहिनी?
"त्यात मले ओढू नको."
परवानगी मिळाली. तरी बांधावर बसून रडले, चिडून.

१० जुलै
बसमध्ये. अक्षर हलतंय.
सकाळी स्टँडवर आले तर मागून वहिनी, पिशवी आणि चिऊसकट. माहेरी जाते म्हणे, देऊळगाव राजाला, माझ्या वाटेवरच. बाळंतपणाला सातव्यात जातात, तिसऱ्यात कोण जातं? स्टँडवरच्या बाया बघत राहिल्या. तेवढ्यात बाबा गाडीवर आले. वाटलं, परत नेणार. वहिनीने पदर सावरला, पण जागची हलली नाही. बाबांनी तिची पिशवी उचलून बसमध्ये ठेवली, चिऊला माझ्याकडे दिलं.
बाबा खाली उतरले आणि त्यांना आत्याचा फोन आला. खिडकीतून ऐकू येत होतं.
"हाव, गेली पोरगी कॉलेजात." मग, "सूनबाई?"
माझ्याकडे बघितलं त्यांनी. तेवढ्यात बस सुटली, पुढचं ऐकू आलं नाही.