ताईची साखर आणि सुईवाली

४ फेब्रुवारी
ताई हट्टाला पेटली आहे. बाळ झालं, साखर गेली, आता कसली तपासणी — हे तिचं शास्त्र! पोटुशी असताना रोज बोट टोचून घ्यायची, आता सुईचं नाव काढलं की उठून आत जाते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाळंतपणानंतर दीड महिन्याने पुन्हा रक्त बघायचं. साखर कधीकधी मुक्काम ठोकून बसते. दीड महिना कधीच उलटला. मी आवाज चढवला. तर म्हणते, "तुला माझ्या रक्ताची काळजी, की रक्त काढणारीची?"
कान तापले. दार आपटून बाहेर पडलो.

५ फेब्रुवारी
दोघींची असू नये का?

८ फेब्रुवारी
गेलो एकदाचे लॅबमध्ये! भावजी कामावर, म्हणून बाळ माझ्या मांडीवर. आधी उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी, मग दोन तास काही न खाता बसायचं, की परत रक्त. लोकांना ही शिक्षा वाटते. मला दोन तास कमी पडले. रक्त काढणाऱ्या सुईवालीने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणजे बाळाकडे — पण बाळ माझ्याकडेच होतं.
बाळाला पाजून ताई पार गळून गेली. मला बघवेना. धावत जाऊन बिस्किटं आणली, तिनेही मुकाट खाल्ली. सुईवाली आली, ताईच्या ओठावरचा चुरा पाहिला. "सगळं पुन्हा करावं लागेल." एवढंच.
रस्ताभर ताईने सोलून काढलं — मुद्दामच केलंस, पुन्हा भेट व्हावी म्हणून! हसत होती. घराशी आल्यावर म्हणाली, मी आता जायची नाही.

९ फेब्रुवारी
कॉलेज सोडलं तेव्हाही स्वतःवर इतका चिडलो नव्हतो. तेव्हा सरांवर चिडलो होतो.

१२ फेब्रुवारी
ताईला म्हटलं, तू एकटी जा, बाळाला मी सांभाळतो. तिकडे फिरकणारही नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग जाते म्हणाली.

१३ फेब्रुवारी
गेली! इकडे बाळाने माझे दोन शर्ट निकालात काढले. आल्यावर ताई सांगते, सुईवालीने विचारलं — बिस्किटवाले नाही आले आज?
बिस्किटवाले. आदरार्थी!

१५ फेब्रुवारी
सकाळी फोन आला. सुईवालीचा. ताईची साखर बरीच जास्त आली आहे, डॉक्टरांना आजच दाखवा. ताई आत बाळाला अंघोळ घालत होती, गुणगुणत. कुणाचा रे फोन, म्हणून विचारलं.
सुईवालीचा आवाज कसा होता, आठवत नाही.