बेलभंडाराच्या आदल्या दिवशी

मुक्काम सावरखेड, जिल्हा अमरावती
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८६

प्रिय किसनरावास,

हरिहराचा मनापासून नमस्कार. अकोल्यास सर्व मंडळी सुखरूप असतील. माझा खोकला बरा आहे.

सकाळपासून कानात तो जुना आवाज घुमतो आहे. आपण ओसरीवर आर्या घोकायचो, आणि पलीकडे तुझी आई रेच्यावर कापसातली सरकी काढायची. त्या कुरकुरीत तुझा ताल चुकायचा, छडी मला बसायची. आता त्याच ओसरीपुढून दिवसभर कापसाच्या गाड्या जातात. अमेरिकेत लढाई, तिथला कापूस बंद, आणि चांदी चढली आमच्या बैलांच्या शिंगांना. कवितेला मात्र गिऱ्हाईक नाही.

तुझा निरोप पोचला. पाटील निपुत्रिक गेले. गादीवर हक्क सांगणारे दोघे : त्यांचे चुलतभाऊ केशवराव आणि त्यांच्याच भाऊबंदांतला तुझा भाचा खुशालराव. इंग्रज साहेब उद्या चावडीवर गावाचे मत घेणार. केशवराव आले तर गोरगरिबांची वेठ आहे तशीच राहील. खुशालराव वेठ बंद करीन म्हणतो. शाळेसाठी त्याने गोठा रिकामा करून दिला, मुलींनाही बसवा म्हणाला. त्या गोठ्यात पोरे श्लोक म्हणताना मला रोज दिसतात.

पण वजन वाढवायला खुशालरावाने कापसाला पाणी मारल्याचा बोभाटा केशवरावांनी साहेबांच्या कानी घातला आहे. म्हणून उद्या महादेवापुढे बेलपान आणि हळद हाती घेऊन मी बेलभंडार उचलावा, खुशालराव निर्दोष आहे म्हणावे, असे तू कळवलेस. पंतोजीची शपथ गाव मानतो.

किसना, पाणी त्यानेच मारले. मी विचारले तेव्हा तो लपला नाही. म्हणाला, "पंतोजी, सारा गाव पानी मारून राहिला. म्याच काहून कोरडा इकू?"

मी म्हटले, "आणि पुंजाराम?"

तेव्हा मात्र तो खाली पाहू लागला.

पुंजाराम त्याचा गाडीवान. अकोल्याच्या अडत्याने गाठोड्यात हात घातला, तो कापूस ओला निघाला. खुशालरावाने चारचौघांत पुंजारामाकडे बोट दाखवले : नदीच्या उतारात यानेच भिजवला. पुंजाराम बायकापोरांसह गाव सोडून गेला. हे तुला लिहायचे नव्हते. तुला ठाऊक असेल, असेही वाटत नव्हते.

दुपारभर तोलतो आहे. एका पारड्यात एक गाडीवान, दुसऱ्यात सारा गाव. खरे सांगतो, पारडे गावाकडे झुकत होते. गेलेला माणूस काही परत येत नाही, असे मनाला समजावत होतो.

इथवर लिहिले आणि दारात हाक आली. वर पाहतो तो पुंजाराम. पागोटे धुळीने माखलेले. पाणी दिले, ते उभ्यानेच प्याला.

"किसनरावजीनं धाडलं," म्हणाला. "उद्या तुमी उचलसान, तं तुमच्या मागं म्या बी उचलतो. पानी म्याच मारलं म्हून."

"खोटा बेलभंडार, पुंजाराम?"

"मायं नाव तं गेलंच हाय, पंतोजी. वेठ गेली तं पोराईले बरं."

तो ओसरीवर टेकला आहे. तू त्याला पाठवलेस, हे ऐकून पुढे लिहायला मला वेळ लागला.

उद्या बेलभंडार मी एकटाच उचलीन. पाणी कोणी मारले, बोट कोणी दाखवले, ते सांगेन. मग साहेबांनी विचारले, पाटील कोण हवा, तर खुशालरावच म्हणेन. साहेब हसले तर हसोत. पुंजाराम माझ्याशेजारी उभा राहील, हात रिकामे ठेवून.

छडी पुन्हा मीच खातो आहे. याही खेपेला ताल तुझाच चुकला.

तुझाच,
हरिहर