हिरामावशीच्या दोन ओळी

४ नोव्हेंबर १९७३
केबिन रोडला मालतीताईंकडे आम्हा लिहिणाऱ्या बायकांची बैठक. पाचजणी यायच्या, तिघीच आलो. मा.ताई, नंदिनी, मी. राई गावातून चालत जाईपर्यंत चपलेचा अंगठा तुटला. पण आज पाय दुखले नाहीत, कारण पिशवीत दिवाळी अंक होता आणि अंकात माझी कविता!

मा.ताईंनी मोठ्याने वाचली. शेवटच्या दोन ओळी दोनदा.

मीठ आयलं घरान, मीठ भरलं गोनीन,
माजी पोर ऱ्हायली खारीच्या पानीन.

"या दोन ओळींपुढे वरची कविता म्हणजे नुसती प्रस्तावना," म्हणाल्या. निवृत्त हेडमास्तरीण. कौतुक करतानाही लाल शाईची आठवण येते.

नंदिनी : "वसुधा, या तुला सुचल्या?"
"इकडचं लोकगीत आहे गं. राईतल्या बायका म्हणतात."

बायका नाही, एकच बाई. हिरामावशी, आमची घरमालकीण. मागच्या पडवीत तांदूळ निवडताना स्वतःशीच म्हणत होती, मी आतून ऐकलं आणि भाजी चिरायची सोडून उतरवून घेतलं. अंकात तसं कुठे लिहिलेलं नाही. संपादकांचं पत्र आलं होतं, 'खास तुमची शैली'. ते तीनदा वाचलं हेही इथे कबूल करून टाकते.

मग चहा आणि नेहमीचा विषय, कोण कसं लिहितं. नंदिनीचा नवरा प्रत्येक कवितेला विचारतो, यातला 'तो' कोण? म्हणून हल्ली ती फक्त झाडांवर लिहिते. झाडांचा संशय येत नाही. हसलो खूप. मग मा.ताई एकदम म्हणाल्या, "मी हे गेल्यावरच लिहायला बसले. आधी जमलंच नसतं. हे कुणाला सांगता येतं का?" नाही येत. कप विसळून निघालो.

७ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी. मावशी खुशीत. आता लग्नं सुरू. एरवी विधवा म्हणून हळदीकुंकवाला दाराआड उभी राहते, पण मांडवात ती धवलारीण. तिने लग्नाचे धवले गाऊन देवांना बोलावल्याशिवाय पुढचं काही होत नाही. पाटलांकडची म्हातारी माणसंसुद्धा तिला वाट करून देतात. मागच्या वर्षी पाहिलं होतं, चालच बदलते तिची. पहिलं लग्न पाटलांचंच, वीस तारखेला. नवी साडी मला दाखवून गेली. "बरी हाय ना गो बाय?"

अंक दाखवावा असं मनात आलं. नाही दाखवला. वाचता येत नाही तिला, असं स्वतःला सांगितलं.

११ नोव्हेंबर


पाटलांनी निरोप पाठवला, हिराबायने येऊ नये, दुसरी धवलारीण सांगितली आहे. नवरीची बहीण बोरिवलीला कॉलेजात जाते. तिने माझी कविता घरात वाचून दाखवली. बाई आमच्या राईतल्या, म्हणून कौतुकाने. नवरीच्या आत्याने ऐकलं आणि म्हणाली, हे तर हिराचं. शेतात एकदा तिच्या तोंडून ओझरतं ऐकलं होतं म्हणे. "मरनाचं गानं म्हनते ती. त्याच तोंडान देवाला कशी बोलवील?"

मला हे सगळं मावशीच्या सुनेने, यशोदाने, विहिरीवर सांगितलं. आणि उरलेलंही सांगितलं. ते कुठलंही लोकगीत नाही. मावशीची चंद्रा, पाच वर्षांची, मिठागराच्या खाडीत बुडून गेली. यशोदा लग्न होऊन यायच्याही आधी. घरात तिचं नाव घेत नाहीत. मावशीने त्या ओळी स्वतः जुळवल्या, स्वतःपुरत्या. लग्नात कधी, कध्धी म्हटल्या नाहीत.

"बाई, तुमी इचारायचं तरी."

'लोकगीत' म्हटलं की कुणाला विचारायला नको. शाळेत मुलांना मीच सांगते, पाटीवर दुसऱ्याचं बघून लिहू नये.

१३ नोव्हेंबर
मावशी बोलत नाही. भांडतही नाही. माझी घागर भरेपर्यंत बाजूला उभी राहते, मी परकी असल्यासारखी. नवी साडी दोरीवर नाही, घडी करून ठेवली असणार.

घरी यांना, अरुणना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "माफी माग आणि मोकळी हो." यांच्या ऑफिसात असंच होत असेल. आमच्या रत्नागिरीकडे कुणाच्या झाडाचा आंबा विचारल्याशिवाय उचलला तरी बोभाटा होतो. मी काय उचललंय?

१५ नोव्हेंबर
शाळा सुटल्यावर मा.ताईंकडे. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकलं. "संपादकांना आजच लिही. ओळी हिराबाईंच्या आहेत, खुलासा छापा. यात विचार कसला करायचा?"

तिथेच बसून पत्र लिहिलं. हलकं वाटलं. परत येऊन पडवीत मावशीला वाचून दाखवलं, म्हटलं, तुमचं नाव छापून येईल.

सूप खाली ठेवलं तिने. चार दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"आनी पाटलांची पोर त्ये बी वाचंल. मंग तर ठरलंच, मरनाचं गानं म्हननारं तोंड माजंच."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मा.ताईंच्याही नाही. आम्हाला नाव छापून येण्यापलीकडे काही सुचतच नाही.

"मग काय करू मावशी?"
"तू सांग सगल्यांना. तुजंच हाय म्हनून. तुज्याच मनातलं."
"पण तुमचं आहे ते."
"माजंच हाय. म्हनून तर सांगतंय."

पत्र फाडलं. म्हणजे चोरी केली ती केलीच, वर आता चारचौघांत शपथेवर माझीच म्हणायची. आणि ती चोरीच तिला वाचवणार. रडू आलं नाही, राग आला. कोणाचा ते कळत नाही.

१९ नोव्हेंबर
पाटलांकडे हळद होती. जाऊन आले.

मांडवात सगळ्या बायका. मावशी बाहेर खांबापाशी उभी होती. पुढे होऊन बोलले. कविता माझी आहे, शेवटच्या ओळीही माझ्याच, हिरामावशींचा काही संबंध नाही, त्यांनी कधी म्हटल्या असतील तर माझ्याच तोंडून ऐकून.

आत्या : "आमच्या बोलीन कशी लिवलीस?"
"सहा वर्षं राहतेय इथे. कानावर पडतं."

वाटलं, सुटले. मग आत्यानेच विचारलं, अगदी हळू आवाजात :

"तुजी पोर गेली का गो?"

आमची लेक मेधा समोरच होती, मुलींमध्ये, गालाला हळद लावून. मी तिच्याकडे पाहिलं नाही. म्हटलं, "हो. हिच्या आधीची."

हे ठरवून गेले नव्हते. पण नाही म्हटलं असतं तर ओळी पुन्हा मावशीकडे गेल्या असत्या. बायका जवळ सरकल्या. कुणी पाठीवरून हात फिरवला. आत्याने डोळे पुसले, मला गूळपाणी दिलं. आणि मी रडले. खरंच रडले, हुंदके देऊन. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटतेय. मावशी खांबाला धरून उभी होती. तिच्या पोरीसाठीचं सांत्वन मला मिळताना बघत होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

निघताना आत्या तिला म्हणाली, "हिरा, उद्याला लवकर ये."

२० नोव्हेंबर
लग्न झालं. मावशी नव्या साडीत. आवाज लागला होता. सूर्याला बोलावलं, खाडीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं. मी मागे बसले. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

अरुणना वाटेत कुणीतरी गाठून धीर दिला. घरी आल्यावर विचारतात, "आपली कुठली मुलगी गेली?" सांगितलं. मग म्हणाले, "मेधाच्या कानावर जाणार हे." जाणारच.

२५ नोव्हेंबर
बैठक. मा.ताईंकडे एक कागद आला आहे. कवयित्रींचा संग्रह निघतोय, माझी तीच कविता हवी आहे. खाली सही करायची, 'ही रचना सर्वस्वी माझी आहे.'

नंदिनी म्हणते, कर सही, आपण सगळ्याच कुणाचं ना कुणाचं लिहितो. मा.ताई म्हणाल्या, दोन ओळी गाळून पाठव. मग उरतं काय? प्रस्तावना. त्यांचेच शब्द.

गाळल्या तर राईत पुन्हा चर्चा, का गाळल्या. ठेवल्या तर सही. कागद घेऊन आले. गादीखाली ठेवलाय.

२७ नोव्हेंबर
शाळेतून आले तर मावशी उंबऱ्यावर बसलेली. या सगळ्यानंतर पहिल्यांदाच घरात आली. म्हणाली, "वाच."

कविता पहिल्यापासून वाचली. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"वरचं तुजं मना समाजलं न्हाय," म्हणाली. चेष्टा नव्हती. खरंच समजलं नव्हतं.

मग म्हणाली, "आजून एक ओल हाय. तवा तू आतमंदी व्हतीस, मी आवाज बारीक केलता. तुना आयकू आली नसंल."

आणि म्हटली. चालीवर नाही, नुसती बोलली. चंद्राचं नाव आहे त्यात.

"ही लिवू नको."

उठून गेली. का सांगितली मला? खोटी का होईना, त्या पोरीची आई म्हणून गावात आता मी आहे, म्हणून? की बघायचंय तिला, मी काय करते ते?

३० नोव्हेंबर
चौथा दिवस. ओळ डोक्यातून जात नाही. वर्गात पाढे घेताना, भाकरी थापताना. ती शेवटी ठेवली तर कविता पुरी होते. मा.ताईंना न विचारताही मला ते कळतं.

संग्रहाचा कागद परवापर्यंत द्यायचा आहे. मावशी पलीकडे भांडी घासतेय, आवाज येतोय. ती ओळ मी अजून लिहिलेली नाही. इथेही नाही. पण मी लिहीन असं मला वाटतं, आणि मला माझीच भीती वाटते.