धम्मपालरावांनी चेन जोडली

नाशिकरोड,
१८ जून १९९८

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना तेजलचा सप्रेम जय भीम. गुडघा कसा आहे? (जिना उतरताना दुखतो असं लिहिलंस, चढताना कसा दुखत नाही, ते काही मला कळलं नाही.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे माणसं. सायकलचं सविस्तर लिहिते.

सासऱ्यांच्या जुन्या सायकलची चेन इतकी ढिली झाली होती की खड्डा दिसला तरी उतरायची. दुसऱ्या कुणी ती दुकानात नेली असती. पण आमचे हे, म्हणजे तुझे लाडके धम्मपालराव, म्हणाले, "दोन कड्या काढायच्या आणि जोडायचं. त्यात काय एवढं?" मुहूर्त कोणता काढावा? इंदिरानगरच्या बालवाडीत माझी मुलाखत, तिच्या आदल्या दिवसाचा. (लग्नानंतरची पहिली मुलाखत गं.) रॉकेलमध्ये चेन भिजवायला माझं दुधाचं पातेलं घेतलं आणि पिना ठोकून काढायला माझा पाटा. तेव्हापासून चटणीला रॉकेलचा वास येतोय आणि हे म्हणतात, खोबरं जुनं असेल. शेवटी दोन टोकं जोडणारा तो माशासारखा छोटा लॉक बसवला, पायडल फिरवून दाखवलं, आणि शेजारच्या विमलाबाईंनाही बघायला बोलावलं.

सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून कॅरिअरवर बसले. अर्धा रस्ता झकास गेला. (हे मुद्दाम लिहिते, नाहीतर म्हणतील बायको चांगलं काही सांगत नाही.) मग कट्ट झालं, ह्यांचे पाय नुसतेच गरगर फिरायला लागले आणि चेन मागे रस्त्यावर पडली. लॉक उडाला होता. तो उलटा बसवला होता हे नंतर दुकानात कळलं. त्या वेळी ह्यांनी रस्त्याला दोष दिला. लॉक सापडेना, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी पिन दे." पदराची पिन, ताई! दिली. मी चेनची टोकं धरली, ह्यांनी पिन अडकवली, आणि पिन कोपऱ्यापर्यंतही टिकली नाही. मग म्हणाले, "तू बस, मी ढकलतो." एका हातात पदर, दुसऱ्या हातात चेन, आणि शेजारी हँडल धरून धापा टाकणारा नवरा, अशी मी नोकरी मागायला पोचले.

तिथल्या मुख्य सुमनबाई माझे काळे हात बघतच राहिल्या. मी खरं ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "लहान मुलांनी पसारा केला, ऐकलं नाही, तर चिडणार नाही ना?" मी म्हटलं, "बाई, घरी रोजचा सराव आहे." त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. सोमवारपासून ये म्हणाल्या.

बाहेर आले तर हे फाटकाशी उभे. तोवर दुकानातून चेन जोडून आणली होती, पण चेहरा उतरलेला. हळूच म्हणाले, "माझ्यामुळे गेली ना गं?" मी आधी वाकून चेन नीट तपासली. (दुधाचं पातेलं आठवलं.) पण डोळे भरलेले दिसले, तेव्हा राहवलं नाही. सांगितल्यावर भर रस्त्यात माझे काळे हात धरून नाचायचेच बाकी होते. घरी येईपर्यंत मात्र ह्यांचं ठरलं होतं की चेन तुटली म्हणूनच नोकरी लागली.

बाकी क्षेम.

तुझी,
तेजल

ता.क. तुझी लेडीज सायकल गॅलरीत कांद्याच्या पिशव्या अडकवायला ठेवली आहेस ना? मला ती रोज जायला हवी आहे. ह्यांना कळू न देता पाठव.

ता.क. २. ह्यांनी पत्र वाचलं. रागावले नाहीत, उलट खूष आहेत. रविवारी स्वतः सिन्नरला येऊन, ती पूर्ण खोलून, साफ करून, चालवत आणणार म्हणतात. ताई, शनिवारच्या आत एसटीच्या टपावर चढव.