यंत्राची उजवी बाजू

मु. पो. पार्से, पेडणे.
(तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे आणि तिथे मला सध्या प्रवेश नाही. चतुर्थी तोंडावर आलीय एवढं धरून चाला.)

राजमान्य राजश्री पांडुरंगबाब यांस,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सगुणाचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. दोन्ही हात आहेत, दहाही बोटं जाग्यावर आहेत, हे आधीच सांगून टाकतो, कारण देवकीने फोनवर काय काय सांगितलं असेल त्याचा नेम नाही. आपला गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? डिचोलीत मासळी मिळते का बरी? (सध्या श्रावण पाळत असाल तर हा प्रश्न वाचला नाही असं समजा.) फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. आमच्या घरात फोन कानाला लावला की देवकीचे कान आधी उभे राहतात. म्हणून पत्र.

तर पांडुरंगबाब, मी टेबल सॉ घेतली! म्हापशाहून टेम्पोत घालून आणली! लोखंडी टेबल, मधोमध फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, बटण दाबलं की असा आवाज सुटतो की अंगावर काटा येतो. तुमचं आयुष्य तुयेच्या कारखान्यात यंत्रांपुढे गेलं, तुम्हांला त्याचं काय! पण मी जन्मभर दुकानात बसून साखर जोखलेला माणूस. त्या पात्याकडे बघून मला रात्री झोप येईना. आणि घेतली ती काही चैन म्हणून नव्हे. गणपतीवरच्या माटोळीच्या लाकडी सांगाड्याला वाळवी लागली. यंदा नारळांचे घड, तोरिंगाची फळं, सुपाऱ्यांचे घोस बांधायचे कशाला? आमचा सुतार मेस्त मोपाच्या बाजूला कुठल्याशा हॉटेलाच्या कामाला जाऊन बसलाय, फोन उचलत नाही. म्हटलं, आपणच करू. फणसाची फळी माळ्यावर पडलेलीच होती.

आता नवं यंत्र घरात आलं म्हणजे गाऱ्हाणं घालायला नको? बाबलीकाका (तेच, सगळ्या वाड्याची गाऱ्हाणी घालतात ते) अंगावर उपरणं टाकून हजर. देवकीने यंत्राला हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ कशाला घालावी? थेट पात्याला! तेवढ्यात वीज गेली. गेलीच आहे का हे बघायला मी बटण दाबलं. गेलीच होती. पण दाबलेलं बटण परत बंद करायचं असतं, हे त्या वेळी कुणाच्या गावी? काकांचं गाऱ्हाणं रंगात आलं, 'ह्या लेकरान नवां यंत्र हाडलां, तेका यश दी, काय चुकला माकला तर पदरात घी रे महाराजा!' आम्ही सगळे एका सुरात 'होय महाराजा!' आणि वीज आली!

काय सांगू तुम्हांला! झेंडूचा असा फवारा उडाला की काकांच्या उपरण्यापासून शेजाऱ्यांच्या कपबशांपर्यंत सगळं पिवळंधमक. गाऱ्हाण्याला ठेवलेला नारळ टेबलावरून उडून गोठ्यात. मी धावत जाऊन प्लग उपटला. (धडा: वीज गेली की आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग देवाचं नाव. आणि पात्याजवळ माळ, दोरा, पदर, काही म्हणता काही नको.)

खरा घोळ पुढेच. आपल्याकडे देवाला पाकळ्या चिकटवून प्रसाद लावतात, म्हणजे कौल मागतात, उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे तुम्हांला मी सांगायला नको. काकांनी कपाळावरच्या पाकळ्या पुसल्या न् म्हणाले, प्रसाद झाला! उजवा झाला! देवकी म्हणाली, डावा. झालं! अर्धा वाडा काकांच्या बाजूने, अर्धा देवकीच्या. देवाचं उजवं कळतं, देवाला तोंड असतं. फुलं सगळी यंत्राच्या एकाच बाजूला पडलेली, पण यंत्राचं तोंड कुठे? फळी आत घालतात ते तोंड, की बाहेर पडते ते? चहा दोनदा झाला तरी निकाल लागेना. शेवटी काका वयाने मोठे, म्हणून तात्पुरता उजवा धरून मी फळी कापायला घेतली.

इथे मी थोडी अक्कल चालवली. पात्यावरचं झाकण आणि पात्यामागची ती पोलादी पट्टी मला मधे मधे येत होती, रेघ दिसत नव्हती. दोन्ही काढून ठेवली. (तुम्ही कपाळाला हात लावलात ना? लावा.) फळीच्या अगदी मागे उभा राहून ढकलू लागलो. अर्धी कापली असेल नसेल, आतून देवकी ओरडली, 'चहा निवला!' मी बाजूला वळलो, आणि त्याच क्षणी कापलेलं लाकूड पात्यावर आवळलं, फळी उसळली आणि माझ्या बरगडीजवळून सुसाट अंगणात! अंगणात पोदेर सायकलवरून पाव घेऊन येत होता. फळी त्याच्या टोपलीला लागली, माणूस वाचला. टोपलीतले उंडे पाव मात्र फाटकापर्यंत गडगडले. आता तो आमच्या घरी येतच नाही, लांब रस्त्यावरून भोंपू वाजवतो आणि आम्हीच पळतो.

तेव्हापासून देवकीचा निकाल कायम: प्रसाद डावाच होता, यंत्र चतुर्थीआधी म्हापशाला परत. 'बोटां गेली तर भजनाक पखवाज कोण वाजयतलो, हांव?' असं ती वाड्याला ऐकू जाईल असं विचारते. दुकानदार परत घ्यायलाही तयार आहे, मेला!

पण पांडुरंगबाब, मी सुधारलो हो! देवाशपथ! झाकण बसवलं, मागची पट्टी बसवली. कापलेल्या लाकडाला ती आवळू देत नाही, हे आता कळलं. पातं लाकडाच्या जेमतेम वर. मी पात्याच्या रेषेत नाही, बाजूला. शेवटची वीत ढकलायला हात नाही, काठी. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे. लुंगी नाही, लांब बाही नाही, अंगठी नाही, हातमोजेसुद्धा नाहीत (मला वाटायचं हातमोजे घातले की झालं, उलट ते पात्यात गुंतले तर हातच ओढला जातो). पातं पूर्ण थांबल्याशिवाय तुकड्याला हात लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ हे मी मोठ्याने म्हणतो. आता असं तयार झालेलं यंत्र, तयार झालेला माणूस, आणि परत पाठवायचं? जीव तुटतो हो माझा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. चतुर्थीला दोन दिवस आधीच या.

आपला,
सगुण

ता. क. आलात की देवकीसमोर एवढंच म्हणा, 'फळी बाहेर पडते तेच यंत्राचं तोंड.' म्हणजे प्रसाद उजवा ठरतो. दादाच्या शब्दापुढे ती जात नाही.

ता. क. दुसरा. वर लिहिलेले नियम मी यंत्र बंद ठेवूनच पाळतोय. पोदेराच्या त्या दिवसानंतर बटण दाबायला हात पुढे जात नाही. तेही आलात की बघू. पाकीट घट्ट चिकटवून देवकीकडेच देतो, ती पोस्टाच्या बाजूला चाललीय. बंद पाकीट ती उघडायची नाही.

दादा, मी देवकी. पेजेच्या वाफेवर पाकीट लगेच सुटलं. फळी उडाली तेव्हा मी धावत जाऊन आधी त्यांची बोटं मोजली, माझा जीव जाग्यावर नव्हता रे. त्यांना त्या यंत्राला हात लावू द्यायचा नाही, हे नक्की. पण ते नियम दिवसभर ऐकून ऐकून मलाच पाठ झाले. ते भजनाला गेले की मी त्यांची जुनी पँट चढवते, काचेच्या बांगड्या काढून देवापुढे ठेवते, मंगळसूत्र शर्टाच्या आत घालून बटणं गळ्यापर्यंत लावते आणि काम करते. माटोळीचा सांगाडा तयार आहे, पलंगाखाली ठेवलाय. मेस्त देऊन गेला म्हणून सांगीन, तूही तसंच सांग. आणि त्यांनी मागितलाय तोच निकाल दे, प्रसाद उजवा, म्हणजे यंत्र घरातच राहील. मी थोडी रडेन, मग ऐकीन. आता देवघराचं दार करायला घेतलंय. येताना बारीक दातांचं पातं घेऊन ये.