चिखलमावशीचा हात

सोमवार, ४ मार्च
खांदा आज पार कामातून गेला. दलदलीचा देखावा वर, आम्ही बाहुलीवाले खाली फळ्यांमध्ये कोंबलेले – हात वर, मान वाकडी. अकरा वर्षं माझा उजवा हात म्हणजेच चिखलमावशी. बेडकीचं तोंड, कोंबड्याचा तुरा आणि जिभेला हाड नाही! टीव्हीसमोरच्या पोरांचा जीव तिच्यावर. इथे माझा हात केस विंचरायलाही वर जात नाही.

"सांगून टाक ना त्यांना," हे म्हणाले. सांगते! म्हणजे मावशी दुसरीच्या हातावर चढवतील. मी जिवंत असेपर्यंत नाही.

बुधवार
आमच्याकडची रीतच आहे – बाहुली हातावर असली की सगळे तिच्याशीच बोलतात. दिग्दर्शकसुद्धा. आज वाकून मावशीलाच विचारलं, "काय गं मावशी, हात दुखतोय का?"

"मला मेलीला हात कुठले?" मावशीने फाडकन उत्तर दिलं. वर सगळे खो खो हसले. खाली मी ओठ चावून रडत होते.

गुरुवार
गोळ्या. झोप.

मंगळवार, १२ मार्च
व्हायचं तेच झालं. ऐन प्रसंगात हात खाली आला – मावशी बोलता बोलता चिखलात गडप! दिग्दर्शकाला कळायचं ते कळलं. तो फळ्यांखाली आला.

"ताई, फुसकुल्याची बाहुली चालवणारी ती नवी मुलगी आहे ना, तिला शिकवा."

"नाही."

"मग शेवटच्या भागात मावशीला बुडवावं लागेल."

"बुडवा," म्हटलं. "मीच बुडवते!"

मुलगी गुणी आहे. म्हणून तर जास्त राग येतो. घरी येऊन ह्यांना सांगितलं. "झालं समाधान?" म्हणाले. थकलेय मी.

शनिवार
संहिता आली. मावशी 'येते रे पोरांनो' म्हणते आणि बुडते. अकरा वर्षांचं एवढंच!

सोमवार, १८ मार्च
'येते रे पोरांनो' म्हटलं. मावशी चिखलात गेली. कॅमेरा चालूच होता. मी तिला हातावरून काढलं आणि शेजारी वाकून बसलेल्या त्या मुलीच्या हातावर चढवलं. "जा वर," म्हटलं. पोरीने हात वर केला. मावशी पुन्हा चिखलातून वर आली. आवाज चिरका. तोंडही उशिरा उघडलं. मी खालून एकदाही टोकलं नाही.